रिफ्लेक्सॉलॉजी

रिफ्लेक्सॉलॉजी ही तळपाय, तळहात आणि क्वचित कान यांवरील ठरावीक बिंदूंवर अंगठ्याने व बोटांनी दाब देण्याची पूरक उपचारपद्धती आहे. शरीरातील प्रत्येक अवयवाचे प्रतिबिंब तळपायावर एका विशिष्ट जागी असते आणि त्या जागी दाब दिल्यास संबंधित अवयवाचे कार्य सुधारते, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. या दाव्याला शरीररचनाशास्त्रात आधार सापडलेला नाही. मात्र पाय चोळून घेतल्याने थकवा उतरतो आणि मन निवते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वऱ्हाडातील अमरावती, अकोला या भागांत काशाच्या वाटीने पाय घासण्याची घरगुती प्रथा पूर्वापार चालत आल्यामुळे तळपायावरील उपचाराची कल्पना तेथे परकी वाटत नाही.

उगम

या पद्धतीचा उगम प्राचीन इजिप्त किंवा चीनमध्ये असल्याचे अनेकदा सांगितले जाते. इजिप्तमधील सक्कारा येथील एका थडग्यातील भित्तिचित्रात पाय हाताळणारी माणसे दिसतात, परंतु त्यावरून बिंदूंचे शास्त्र सिद्ध होत नाही. आज प्रचलित असलेली मांडणी विसाव्या शतकातील आणि अमेरिकन आहे. कान-नाक-घसातज्ज्ञ विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि एका पट्ट्यातील एका ठिकाणी दाब दिल्यास त्याच पट्ट्यातील दुसऱ्या ठिकाणची वेदना कमी होते, असे प्रतिपादन केले. एडविन बॉवर्स यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘झोन थेरपी’ हे पुस्तक १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे युनिस इंगहॅम यांनी हे पट्टे तळपायावर आणून अवयवांचे तपशीलवार नकाशे तयार केले. त्यांचे पहिले पुस्तक १९३८ चे आहे. चिनी परंपरेतून आलेल्या ॲक्युप्रेशरशी रिफ्लेक्सॉलॉजीची गल्लत नेहमी होते. ॲक्युप्रेशरचे बिंदू सर्वांगावर पसरलेल्या ऊर्जामार्गांवर मानले जातात, तर रिफ्लेक्सॉलॉजीत पायाचा तळवा हाच साऱ्या शरीराचा नकाशा समजला जातो. प्रत्यक्ष उपचारकेंद्रांत या दोहोंची सरमिसळ आढळते.

पादाभ्यंग आणि काशाची वाटी

तळपाय आणि दूरचा अवयव यांचा संबंध जोडणारी कल्पना भारतात पुष्कळ जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिनचर्येचा भाग म्हणून पादाभ्यंग सांगितला असून पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा व बधिरपणा त्याने दूर होतो आणि दृष्टी प्रसन्न राहते, असे म्हटले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर पायाच्या मध्यातून डोळ्यांकडे जाणाऱ्या दोन मोठ्या सिरांचे वर्णन आहे आणि पायाला केलेले अभ्यंग व लेप त्यांच्यावाटे डोळ्यांपर्यंत पोहोचतात, अशी उपपत्ती दिली आहे. अशा सिरा आधुनिक शरीरविच्छेदनात आढळत नाहीत. तथापि ‘तळपायाची आग मस्तकात जाणे’ हा वाक्प्रचार वापरणाऱ्या भाषकांना ही कल्पना पटण्यास फारसे प्रयास पडत नसावेत.

या पादाभ्यंगाचे घरगुती रूप म्हणजे काशाच्या वाटीने पाय घासणे. कांसे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू असून त्यात सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील असते. तळव्याला साजूक तूप किंवा तेल लावून वाटीच्या गुळगुळीत बुडाने तो हळूहळू घासतात. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. दिवसभर शेतात किंवा उन्हात काम केलेल्या माणसाच्या तळव्यांची आग होऊ लागली की घरातील कोणीतरी वाटी घेऊन बसते. घासताना तळवा काळा पडतो आणि हा काळेपणा म्हणजे शरीरातून बाहेर पडलेली ‘उष्णता’ होय, असे मानले जाते. वस्तुतः घर्षणाने सुटलेले धातूचे सूक्ष्म कण तुपात मिसळून हा रंग येतो. ताप नसलेल्या, अगदी निरोगी माणसाच्या पायावरही तो येतो. तेव्हा किती काळे निघाले यावरून किती आजार होता, हे ठरविता येत नाही. अलीकडे काशाची फिरती थाळी बसविलेली विजेवरची यंत्रेही आली आहेत. त्यांतून निघणाऱ्या काळ्या तुपाचे स्पष्टीकरण हेच आहे.

उपचाराचे स्वरूप

रिफ्लेक्सॉलॉजीची एक बैठक साधारणतः अर्धा ते एक तास चालते. उपचारक प्रथम प्रकृतीविषयी विचारपूस करतो, पाय धुऊन किंवा पुसून घेतो आणि व्यक्तीला आरामखुर्चीत अथवा पाटावर पाय वर करून बसवितो. कपडे काढावे लागत नाहीत. मोजे-चपला काढल्या की पुरे. त्यानंतर अंगठा अळीच्या चालीप्रमाणे थोडा थोडा पुढे सरकवीत संपूर्ण तळवा दाबला जातो. प्रचलित नकाशांत पायाचा अंगठा म्हणजे डोके, बोटांखालचा फुगीर भाग म्हणजे फुफ्फुसे, पायाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा आणि टाच म्हणजे कटिभाग मानतात. यकृत उजव्या तळव्यावर, हृदय मुख्यतः डाव्या तळव्यावर दाखविलेले असते. सर्व नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत.

काही ठिकाणी दाब दिल्यावर दुखते. ज्या जागी दुखते, त्या जागेशी जोडलेल्या अवयवात बिघाड आहे, असे उपचारक सांगू शकतो. येथे वाचकाने थांबावे. पायाच्या तळव्यात दुखण्याची कारणे बहुधा पायातच असतात: टाचेखालच्या जाड पट्ट्याची सूज, कुरूप, भेगा, अयोग्य पादत्राणे. दाबल्यावर हाताला लागणारी ‘कचकच’ म्हणजे साठलेले विषारी स्फटिक होत, हे इंगहॅम यांच्या काळापासूनचे स्पष्टीकरणही सिद्ध झालेले नाही. बैठकीनंतर सैलावल्यासारखे वाटते, झोप येते, क्वचित तळवा दुखरा राहतो. उपचारानंतर त्रास वाढला तर ते ‘विषद्रव्ये बाहेर पडण्याचे’ लक्षण समजून पुढील बैठकी चालू ठेवण्याचा सल्ला मिळाल्यास तो मानू नये.

परिणामकारकता

एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात यादृच्छिक विभागणीच्या १८ चाचण्या तपासल्या आणि कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियात शासकीय पुनरावलोकनानंतर १ एप्रिल २०१९ पासून खाजगी आरोग्यविम्यातून या उपचाराचा परतावा बंद झाला. चिंता, थकवा व झोप यांबाबत काही अभ्यासांत सुधारणा दिसली आहे. पण नकाशाप्रमाणे दाबलेले बिंदू आणि साधे पाय चोळणे यांतील फरक दाखविणे अवघड असते. शिवाय आपल्याला कोणता उपचार मिळत आहे, हे रुग्णापासून लपविणेही सोपे नसते. म्हणून मिळणारा आराम खरा मानता येतो, त्याचे श्रेय नकाशाला देता येत नाही.

आग, मुंग्या आणि बधिरता

तळपायांची आग होणे हे वऱ्हाडात उन्हाळ्याशी आणि अंगातील उष्णतेशी जोडले जाते, आणि पुष्कळदा कारण तेवढेच असते. परंतु हेच लक्षण दीर्घकाळच्या मधुमेहाने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने चेतातंतूंना इजा झाल्यावरही दिसते. ऋतू पालटूनही आग राहिली, रात्री वाढली, मुंग्या येऊ लागल्या किंवा चप्पल पायातून निसटल्याचे कळेनासे झाले, तर रक्तातील साखर तपासून घेणे आवश्यक असते. वाटीने वा अंगठ्याने तात्पुरता आराम पडतो आणि त्यामुळेच तपासणी महिनोन्महिने लांबते. या उपचाराचा मोठा धोका दाबापेक्षा या विलंबात आहे.

बधिर पायावर मात्र दाबही घातक ठरतो. पायाला वेदना कळत नसल्यास जोराने दाबणे, लाकडी काडीने टोचणे, खरखरीत यंत्र किंवा काटेरी पट्टी वापरणे यांनी जखम होते आणि ती उशिरा लक्षात येते. या बाबतीत अमरावतीचा इतिहास बोलका आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४० च्या दशकात शहरालगत तपोवन येथे कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली. कुष्ठरोगात हातापायांची बोटे रोगाने आपोआप झडतात, ही समजूत तेव्हा सर्वत्र होती. त्याच सुमारास वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की संवेदना गेल्यामुळे लक्षात न आलेल्या जखमा, भाजणे आणि सततचा दाब हेच विकृतीचे मुख्य कारण असते. मधुमेही रुग्णाच्या पायालाही हेच लागू पडते. अशा रुग्णाने तळवे रोज उजेडात पाहावेत, कडक तळाच्या चपला टाळाव्यात आणि पायाला तूप-तेल लावायचेच तर ते मऊ हाताने लावून बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. त्वचेवर फिकट किंवा लालसर, संवेदनाहीन चट्टा आढळल्यास शासकीय आरोग्यकेंद्रात दाखवावे. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार तेथे विनामूल्य मिळतो.

पायात किंवा पोटरीत रक्ताची गुठळी असल्याची शंका, अस्थिभंग, उघडी जखम, जंतुसंसर्ग आणि वातरक्ताचा तीव्र झटका या अवस्थांत पाय दाबून घेऊ नये. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती चोळणे विशेष धोक्याचे असते, कारण सुटलेली गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते. गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मान्यता

भारतात रिफ्लेक्सॉलॉजी ही स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून मान्य नाही. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी या पद्धती येतात. अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत आयुर्वेद महाविद्यालये आहेत. आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात पंचकर्म हा विषय असल्याने अभ्यंगाचे शिक्षण त्यात येते. रिफ्लेक्सॉलॉजीचे वर्ग मात्र खाजगी असून त्यांचा कालावधी काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत असतो. त्यांचे प्रमाणपत्र मिळाल्याने रोगनिदान करण्याचा, चालू असलेली औषधे थांबविण्याचा किंवा इन्सुलिनची मात्रा बदलण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.