प्रतिकृती-विमानावरची नक्षी

रेडिओ-संदेशांनी उडवायचे छोटे विमान मैदानावर उभे असते, तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम त्याच्या रंगांकडे जाते. पांढऱ्या पंखांवर लाल पट्टे, शेपटीवर एखादा तारा, बाजूला मोठे आकडे. ही नक्षी पुष्कळदा विमान बांधणाऱ्याने स्वतःच घरी कापून चिकटवलेली असते. ती केवळ शोभेची, असे कोणालाही वाटेल. पण विमान शंभर-दीडशे मीटर दूर गेले की ते सुखरूप परत येणार की नाही, हे बरेचसे त्या नक्षीवर अवलंबून असते. ते कसे, आणि बुडबुडे व सुरकुत्या न येऊ देता ही नक्षी चिकटवायची कशी, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी लागणारे बहुतेक पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

लांबून काय दिसते?

विमान उडवणारा जमिनीवर उभा असतो. विमान त्याच्यापासून दूर जात असताना त्याने दांडी उजवीकडे केली, तर विमान त्याच्या उजव्या हाताला वळते. पण तेच विमान समोरून त्याच्याकडे येत असले, तर विमानाचा उजवा पंख उडवणाऱ्याच्या डाव्या हाताला असतो. दांडी उजवीकडे केली की विमान त्याच्या डावीकडे जाते! म्हणून विमान येते आहे की जाते आहे, त्याची पाठ दिसते आहे की पोट, हे क्षणोक्षणी कळणे आवश्यक आहे. विमानाचा वेग सेकंदाला १५ मीटर धरला, तर तीन सेकंदांच्या संभ्रमात ते ४५ मीटर पुढे गेलेले असते. तेवढ्यात झाड, भिंत किंवा एखादा माणूस आड येऊ शकतो.

आता आपल्या डोळ्याची मर्यादा पाहू. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापर्यंतचे दोन बिंदू वेगळे दिसतात. त्याहून लहान कोन झाला की ते एकमेकांत मिसळतात. १५० मीटर अंतरावर एक कलेचा कोन सुमारे ४.४ सें.मी. लांबी व्यापतो, आणि ३०० मीटरवर सुमारे ८.७ सें.मी. याचा अर्थ असा, की दोन-दोन सेंटिमीटरांचे लाल-पांढरे पट्टे हातात घेतल्यावर कितीही सुरेख दिसले, तरी १५० मीटरवर त्यांचा नुसता फिकट गुलाबी रंग होतो. दीड मीटर पंखविस्ताराचे अख्खे विमानच त्या अंतरावर पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाएवढे दिसते. चंद्रावर रेखायची असेल तेवढीच ठळक नक्षी येथे उपयोगाची!

तेव्हा पट्टे थोडे असावेत, पण रुंद असावेत. निदान दहा-बारा सेंटिमीटर. दुसरी गोष्ट अशी, की आकाश उजळ असते आणि विमानाचे पोट सावलीत असते. त्यामुळे खालून पाहताना पुष्कळदा रंग ओळखू येत नाहीत, नुसती काळपट आकृती दिसते. म्हणून पोटावर गडद व फिकट यांतला विरोध मोठा हवा, आणि पाठीवरची नक्षी पोटावरच्या नक्षीपेक्षा अगदी वेगळी हवी. पोटावर आडवे काळे-पांढरे पट्टे आणि पाठीवर एकच झगझगीत रंग, अशी योजना चांगली.

खऱ्या विमानांच्या इतिहासातही याला आधार आहे. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्याने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर स्वारी केली. आपल्याच तोफांनी आपलीच विमाने पाडू नयेत म्हणून त्या वेळी विमानांच्या पंखांवर आणि धडावर पाच-पाच पट्टे रंगवले होते : तीन पांढरे, दोन काळे. एका इंजिनाच्या विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सें.मी. रुंद होता. वरचाच हिशेब लावला, तर असा पट्टा सुमारे दीड किलोमीटरवर एक कलेचा कोन करतो. त्या पट्ट्यांत सौंदर्य नव्हते. पण ओळख होती, आणि ओळखीवर वैमानिकांचे प्राण अवलंबून होते.

नक्षीचे वजन

विमानाच्या सांगाड्यावर जी पातळ फिल्म ताणून बसवतात, तिचेच दुसऱ्या रंगाचे तुकडे नक्षीसाठी वापरतात. अशा फिल्मचे वजन चौरस मीटरला साधारण ६० ते ७० ग्रॅम असते. हे फार नाही. पण ते विमानावर कोठे पडते याला महत्त्व आहे.

समजा, शेपटीवरच्या सर्व नक्षीचे वजन ५ ग्रॅम झाले आणि शेपटी विमानाच्या गुरुत्वमध्यापासून ७० सें.मी. मागे आहे. विमानाचा तोल पूर्ववत करायला नाकात शिसे ठेवावे लागेल. नाकातली जागा गुरुत्वमध्याच्या २० सें.मी. पुढे असेल, तर तरफेच्या नियमाप्रमाणे ५ × ७० = शिसे × २०. म्हणजे शिसे १७.५ ग्रॅम. पाच ग्रॅमांच्या नक्षीपायी विमानाचे वजन २२.५ ग्रॅमांनी वाढले! म्हणून शेपटी शक्यतो साधी ठेवावी आणि मोठी नक्षी पंखांवर, गुरुत्वमध्याजवळ घ्यावी.

भारतीय वायुसेनेच्या वर्तुळाकृती चिन्हाचे उदाहरण घेऊ. बाहेर हिरवे, मध्ये पांढरे आणि केंद्रात केशरी. बाहेरचा व्यास १५ सें.मी., मधला १० व आतला ५ सें.मी. आहे असे समजू. तीन पूर्ण चकत्या एकावर एक चिकटवल्या, तर एकूण क्षेत्रफळ सुमारे २७५ चौ. सें.मी. होते. त्याऐवजी हिरवे व पांढरे कडे आणि केशरी चकती असे कापले, तर १७७ चौ. सें.मी. पुरतात, सांध्यासाठी दोन-तीन मिलिमीटरांचा पदर तेवढा जास्त धरावा. जवळजवळ एक तृतीयांश वजन वाचते. शिवाय थर कमी, म्हणजे थरांत हवा अडकण्याच्या जागाही कमी. पदर देताना गडद रंग फिकट रंगावर यावा. फिकट रंग वर आला, तर खालचा गडद रंग त्यातून डोकावतो.

विमानाचे कातडे

पूर्वी बाल्सा लाकडाच्या सांगाड्यावर पातळ कागद किंवा रेशीम ताणून त्यावर डोप नावाचे सेल्युलोजचे रोगण लावीत. आता त्याची जागा बहुतांशी पॉलिएस्टरच्या फिल्मने घेतली आहे. हे बहुवारिक १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधले. त्याचेच धागे टेरिलीन या नावाने कापडात आले.

फिल्म तयार करताना ती गरम असतानाच दोन्ही दिशांना ताणतात आणि ताणलेल्या स्थितीतच थंड करतात. तिच्यातील लांबलचक रेणू सरळ झालेल्या अवस्थेत जणू गोठून राहतात. पुन्हा उष्णता मिळाली की ते हालचाल करू लागतात, मूळच्या गुंडाळलेल्या स्थितीकडे जाऊ पाहतात आणि फिल्म आकसते. इस्त्री फिरवताच विमानाचे कातडे ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होते, त्याचे कारण हे. फिल्मच्या खालच्या बाजूला उष्णतेने चिकट होणारा लेप असतो.

येथेच नक्षी करणाराची कसोटी लागते. फिल्म चिकटण्याचे तापमान आणि आकसण्याचे तापमान अशी दोन वेगवेगळी तापमाने आहेत. बऱ्याच फिल्मचा लेप १०० अंश सेल्सिअसच्या आसपास चिकट होतो आणि त्याहून तीस-चाळीस अंश वर गेल्यावर फिल्म जोराने आकसते. नक्षी चिकटवताना या दोन तापमानांच्या मधल्या वाटेने जायचे असते. इस्त्री फार तापली, तर वरचा तुकडा आणि खालचे कातडे दोन्ही आकसतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. मग सरळ अक्षरे वाकडी होतात आणि कडेला सुरकुत्या पडतात. म्हणून खालचे कातडे आधी पूर्ण ताणून घ्यावे, नक्षी नंतर लावावी, आणि इस्त्रीचे तापमान प्रथम टाकाऊ तुकड्यांवर अजमावून पाहावे.

अडकलेली हवा

लाकडावर फिल्म चिकटवताना हवा लाकडाच्या छिद्रांतून निसटते. पण फिल्मवर फिल्म चिकटवताना खाली आणि वर दोन्हीकडे अच्छिद्र पदार्थ असतो. कडा आधी चिकटल्या की मधली हवा कोंडली जाते. ती ३० अंशांची हवा इस्त्रीने १०० अंशांवर गेली, की केल्विनमध्ये तापमान ३०३ वरून ३७३ होते. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे स्थिर दाबाला तिचे आकारमान सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. फिल्म त्याच वेळी मऊ झालेली असते, त्यामुळे ती फुगते आणि थंड झाल्यावरही फुगवटा पूर्णपणे जात नाही. गडद रंगाची नक्षी उन्हात अधिक तापते. म्हणून घरी न दिसलेले बुडबुडे मैदानावर उन्हात वर येतात.

यावर दोन उपाय आहेत. पंखाच्या ज्या भागात आत पोकळी आहे, तेथे नक्षीखाली झाकल्या जाणाऱ्या कातड्याला आधीच बारीक सुईने थोडी छिद्रे पाडावीत. हवा पंखाच्या पोकळीत उतरते. इस्त्री नेहमी मधून कडेकडे न्यावी. जेथे आत भरीव लाकूड आहे, तेथे मात्र दुसरा उपाय बरा. तो म्हणजे पाण्याचा.

साबणाचे दोन थेंब

स्वच्छ फिल्मवर पाणी शिंपडा. ते पसरत नाही, त्याचे थेंब होतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन आहे आणि पॉलिएस्टरची पृष्ठ-ऊर्जा त्याच मापाने सुमारे ४३. पाण्याच्या रेणूंना फिल्मपेक्षा एकमेकांचीच ओढ अधिक. आता पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाका. पृष्ठताण तिशीच्या आसपास उतरतो आणि पाणी पातळ थराने सगळीकडे पसरते.

या थरावर नक्षीचा तुकडा ठेवला, तर तो लगेच बसत नाही. बोटाने हवा तेथे सरकवता येतो. हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. मग मऊ कापड गुंडाळलेल्या पुठ्ठ्याने मधून कडेकडे दाबत पाणी बाहेर काढायचे. ओल्या काचा एकमेकींना धरून बसतात तसा तुकडा बसून राहतो. त्यानंतर घाई नको. रात्रभर वाळू द्यावे. एक घन सेंटिमीटर पाण्याची १०० अंशांना सुमारे १,७०० घन सेंटिमीटर वाफ होते. ओल असताना इस्त्री लावली, तर हवेच्या बुडबुड्याऐवजी वाफेचा फुगा पदरी येईल. वाळल्यावर मंद इस्त्रीने फक्त कडा पक्क्या कराव्यात.

आणखी तीन सूचना. पहिली, चिकटवण्याआधी खालची फिल्म स्पिरिटने पुसावी. बोटांचे तेल लेपाला फिल्मपर्यंत पोहोचू देत नाही. दुसरी, तुकड्यांचे टोकदार कोपरे किंचित गोल करावेत, कारण टोकाशी ताण एकवटतो आणि सुटण्याची सुरुवात तेथूनच होते. तिसरी, दोन तुकडे एकमेकांवर येत असतील, तर पुढचा तुकडा मागच्याच्या वर यावा. कौलारू छपरावर वरचे कौल खालच्या कौलावर येते आणि पाणी आत शिरत नाही. तसेच येथे उघडी कड मागे राहते आणि वारा तिच्याखाली शिरत नाही.

करून पाहा

यासाठी विमान हवेच असे नाही. पुस्तकाला लावायचा चिकट प्लॅस्टिक कागद घ्या. त्याचे दोन सारखे तुकडे खिडकीच्या काचेवर लावा. एक कोरडा, दुसरा साबणाच्या पाण्यावर. दुसऱ्या दिवशी दोन्हींतले बुडबुडे मोजा आणि उन्हात ठेवून पुन्हा मोजा.

दुसरा प्रयोग शाळेच्या मैदानावर, सर्व वर्गाने मिळून करण्याजोगा आहे. तीन पुठ्ठ्यांवर काळे-पांढरे पट्टे रंगवा. एकावर २ सें.मी. रुंदीचे, दुसऱ्यावर ५ आणि तिसऱ्यावर १० सें.मी. रुंदीचे. पुठ्ठे एका मुलाच्या हाती देऊन बाकीच्यांनी मागे मागे जावे. पट्टे मिसळून राखाडी दिसू लागतील ते अंतर प्रत्येकाने टेपने मोजावे आणि त्यावरून आपल्या डोळ्याचा लघुतम कोन काढावा. ज्याला चष्म्याची गरज आहे पण ठाऊक नाही, असा एखादा विद्यार्थीही या प्रयोगात सापडेल. शिक्षकांनी त्याची नोंद अवश्य घ्यावी.

एन.सी.सी.च्या वायुदल शाखेत विमान-प्रतिकृती बनवण्याचे शिक्षण असते. तुमच्या शाळेत किंवा जवळच्या महाविद्यालयात ती शाखा असेल, तर तेथील छात्रांची विमाने पाहून या. पाहताना नक्षी किती सुंदर आहे हे जरूर पाहा. पण मग दीडशे मीटर मागे जाऊन ती काय सांगते, हेही पाहा. दूर असलेल्या विमानाने ‘मी तुमच्याकडे येत आहे’ एवढे स्पष्ट सांगितले, तर नक्षी उत्तम साधली असे समजावे.