पिशवी हलकी, चष्मा शाबूत!

ज्येष्ठ महिना लागला की आपल्याकडे गावोगावी वारीची तयारी सुरू होते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. म्हणजे दोन-अडीच आठवडे रोजचं चालणं! वळकटी, ताट-वाटी, साड्यांचं गाठोडं हे सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये जातं. पण चष्मा, मोबाइल, गोळ्या, कुणाचं इन्सुलिन, शुगर तपासायचं मशीन, कुणाची कवळी, कुणाचं कानाचं यंत्र हे सारं दिवसभर आपल्याजवळच लागतं. नेमक्या याच वस्तू नाजूक, आणि मोडल्या तर वाटेत दुसऱ्या मिळायच्या नाहीत.

आमच्या महिला मंडळातल्या एका काकूंचा चष्मा वारीत तिसऱ्याच दिवशी फुटला. विसाव्याला सॅक खाली ठेवली होती, गर्दीत कुणीतरी तिच्यावर टेकलं, आणि बाहेरच्या कप्प्यातल्या चष्म्याचे दोन तुकडे झाले. पुढचे दोन आठवडे काकू सोबतिणीचा हात धरून चालल्या. रात्री उठायचं तरी भीती! परत आल्यावर म्हणाल्या, "पांडुरंगापुढे उभी राहिले खरी, पण मला नुसता काळा आकार दिसला गं." चष्म्याची किंमत काही शे रुपये असेल. त्यांचं जे राहून गेलं त्याची किंमत कशी करायची?

असं काही ऐकलं की आपण लगेच काय करतो? मोठा डबा घेतो, स्पंज घेतो, चार टॉवेल गुंडाळतो. झालं! सॅक फुगते, वजन वाढतं, दिवे घाट चढताना खांदे भरून येतात. मग वैतागून तोच डबा ट्रकमध्ये टाकला जातो. मैत्रिणींनो, नाजूक वस्तू जपायला जास्तीचं सामान लागतच नाही. आपण जे नेणारच आहोत, त्याचीच नीट मांडणी करायची. लोणच्याची बरणी गावाला पाठवताना आपण ती कपड्यांच्या मधोमध ठेवतोच ना? तसंच हे.

आधी वस्तू मोडते कशी ते पाहू. सॅक धपकन खाली टेकली की तळाला दणका बसतो. कुणी टेकलं की बाहेरचा कप्पा चेपतो. आत रिकामी जागा राहिली की वस्तू एकमेकींवर आपटत राहतात. आणि पाणी, मग ते पावसाचं असो की बाटलीतून झिरपलेलं. म्हणजे तळ आणि बाहेरचे कप्पे या दोन्ही जागा नाजूक वस्तूंसाठी वाईट. चांगली जागा एकच, ती म्हणजे मधोमध, चहूबाजूंनी मऊ कपडा असलेली.

भरायची कशी? तळाला टॉवेल किंवा शाल घडी करून ठेवा. पाठीच्या बाजूला बदलायची साडी आणि परकर उभे लावा. मध्ये नाजूक वस्तू, वरून ब्लाउज, रुमाल. पाण्याची बाटली बाहेरच्या कप्प्यातच, झाकण घट्ट. किल्ल्या, सुटे पैसे, सेफ्टी पिना वेगळ्या छोट्या पाकिटात. मोबाइल आणि पॉवर बँकेपासून लांब.

चष्मा. घडी घालून घट्ट डबीत ठेवा. डबी सैल असेल तर चष्मा पुसायचं फडकं आतच कोंबा. दोन्ही कामं होतात. डबी नसेल तर खाऊचा छोटा स्टीलचा डबा चालतो. मात्र आत चष्मा हलता कामा नये. जुना चष्मा घरी पडून असेल तर तोही रुमालात गुंडाळून ट्रकच्या सामानात टाका. वेळेला तोही चालतो.

इन्सुलिन. बाटली किंवा पेन स्वच्छ मोज्यात घालून साडीच्या घडीत ठेवा. वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत फ्रिजबाहेर सुमारे चार आठवडे चालतं, पण सावलीत आणि २५ ते ३० अंशांच्या आत. आपल्या औषधाचं नेमकं काय, ते सोबतच्या चिठ्ठीवर वाचा, डॉक्टरांना विचारा. बर्फात मात्र कधीच ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. ट्रकमध्येही नको, उन्हात ट्रक आतून तापतो. दोन बाटल्या असतील तर एक विश्वासाच्या सोबतिणीकडे द्या. एक फुटली तरी दुसरी शाबूत!

शुगरचं मशीन. त्याच्या पट्ट्या मूळ डबीतच राहू द्या. जागा वाचवायला त्या कागदात बांधल्या तर दमट हवेने खराब होतात आणि आकडा चुकीचा येतो. थर्मामीटर न्यायचा असेल तर डिजिटल न्या. काचेचा फुटला तर काच आणि पारा दोन्हींचा धोका.

कवळी. काढून ठेवताना ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून छोट्या डबीत. नुसत्या रुमालात बांधून उशाशी ठेवली तर पहाटेच्या घाईत पायाखाली येते.

पाऊस. नव्या साडीसोबत चेनची प्लास्टिकची पिशवी येते ना, ती जपून ठेवा. मोबाइल, मशीन, गोळ्या, सगळं एकाच पिशवीत बसतं आणि वजन काहीच वाढत नाही.

भरून झालं की तीन परीक्षा घ्या. सॅक कानाशी धरून हलवा. खडखड आवाज आला तर आत काहीतरी आपटतंय. मग बाहेरून सगळीकडून तळहाताने दाबा. हाताला टणक लागलं तर तिथे कपड्याची घडी हवी. शेवटी वजन करा. शाळकरी मुलांच्या दप्तरासाठी २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा सांगितली आहे. आपणही तेच माप धरू. वजन ५० किलो असेल तर सॅक ५ किलोच्या आतच, रोज चालायचं तर त्याहून कमी बरी. निघायच्या आधी चार दिवस तीच सॅक पाठीवर टाकून बाजारात जाऊन या. काय टोचतं, काय हलतं, तिथेच कळेल.

आणि हो, विसाव्याला सॅक उतरवताना ती हाताने टेकवा, टाकू नका. झोपताना तिची उशी करू नका. या दोन सवयींना ना पैसा लागतो, ना त्यांचं ओझं होतं.

आपण बायका सामान भरतो तेव्हा नातवाचा खाऊ, सगळ्यांसाठी चिवडा, सासूबाईंची गोळी आधी आत जाते आणि आपला चष्मा शेवटी, कुठल्यातरी बाहेरच्या कप्प्यात. या वर्षी क्रम बदलून पाहा. सॅकच्या मधोमधची ती मऊ जागा आधी आपल्या वस्तूंसाठी राखा. चिवडा काय, ट्रकमधूनही जाईल!