बर्निना : घाई नसलेल्यांची गाडी

मित्रांबरोबर युरोप फिरताना एक दिवस वेगवान गाड्या बाजूला ठेवा आणि स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला जाणारी बर्निना मार्गाची गाडी पकडा. १९१० साली पूर्ण झालेला हा मीटरगेज मार्ग २२५३ मीटरपर्यंत चढतो आणि ४२९ मीटरवरच्या तिरानोत उतरतो, तोही दातेरी रुळांशिवाय! २००८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

पॅनोरमा खिडक्यांची ‘बर्निना एक्स्प्रेस’ प्रसिद्ध आहे, पण तिला आरक्षण सक्तीचं. माझं मत साध्या गाडीला. रूळ तेच, आणि वाटेत हवं तिथे उतरता येतं. आम्ही आल्प ग्रूमला उतरलो. समोर पालू हिमनदी, हातात कॉफी. गप्पा इतक्या रंगल्या की पुढची गाडी खुशाल जाऊ दिली.

ब्रुसिओला गाडी गोल वळसा घेऊन नऊ कमानींच्या पुलाखालून जाते, त्याच पुलावरून ती नुकतीच आलेली असते. ते पाहायला उजवीकडची जागा धरा. तिरानोत तर ती भर रस्त्यातून, चर्चसमोरून धावते.

उतरल्यावर पिझोकेरी नक्की खा : कुट्टूच्या पिठाचा पास्ता, बटाटा, कोबी आणि भरपूर चीज.