कामाचे बूट कसे निवडावेत?

प्रस्तावना

मडके विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो. कापड घेताना ते बोटांत चुरगळून पाहतो. परंतु ज्यांच्या आधारावर दिवसाचे आठ-दहा तास उभे राहायचे, ते बूट मात्र बहुधा रंग आणि किंमत पाहूनच घेतले जातात. रोजंदारीवर काम करणाऱ्याच्या पायाला इजा झाली, तर जखम भरेपर्यंत त्याचा रोज बुडतो. म्हणून बुटांची निवड ही हौसेची बाब नाही, ती उपजीविकेची बाब आहे. या पाठात आपण त्या निवडीचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :
• कामाच्या स्वरूपावरून योग्य बूट कोणता, हे ठरवू शकाल;
• बुटाचे माप आणि मानक चिन्ह तपासू शकाल;
• बुटांची निगा कशी राखावी, हे सांगू शकाल.

मूळ पाठ

१. आधी काम, मग बूट

लक्ष्मीबाई नगर ही दक्षिण दिल्लीतील सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव तिला दिलेले आहे. जवळच आय.एन.ए. बाजार आहे आणि तो मासळीसाठी प्रसिद्ध आहे. अशा परिसरात सकाळी कामावर निघालेली तीन माणसे आपण डोळ्यांसमोर आणू. एक जण बांधकामावर जाणारा गवंडी, दुसरा मासळीच्या गाळ्यावर काम करणारा मदतनीस, तर तिसरा घरोघरची वीजदुरुस्ती करणारा तंत्री. तिघेही एकाच रस्त्याने चालतात, पण तिघांच्या पायांपुढचे धोके निराळे आहेत.

गवंड्याला वरून पडणाऱ्या विटेची आणि खालून घुसणाऱ्या खिळ्याची भीती असते. त्याच्या बुटाच्या बोटांवर टणक टोपी हवी आणि तळात खिळा रोखणारा थर हवा. मासळीच्या गाळ्यावर फरशी सतत ओली व तेलकट असते. तेथे पाय घसरणे हाच मोठा धोका. त्यामुळे पाणी आत न शिरू देणारे आणि तळाला खोल खाचा असलेले गमबूट तेथे उपयोगी पडतात. वीजतंत्र्याने धातूचा भाग नसलेला बूट निवडावा. वीजरोधक म्हणून प्रमाणित केलेला बूट वेगळा असतो, हेही त्याने ध्यानात ठेवावे. 'अँटिस्टॅटिक' असे लिहिलेला बूट अंगावर साचणारी स्थिर वीज जमिनीत जाऊ देतो. तो विजेच्या धक्क्यापासून वाचवतोच असे नाही. आणि बूट कितीही चांगला असला, तरी आधी वीजपुरवठा बंद करणे हीच खरी सुरक्षितता होय.

तात्पर्य, दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझ्या कामात पायाला कशापासून इजा होऊ शकते?

२. बुटाची अंगे

बुटाचा वरचा भाग चामड्याचा, रेक्झिनचा किंवा कापडाचा असतो. अस्सल चामडे घाम बाहेर जाऊ देते आणि वापराने पायाच्या आकाराला सरावते. रेक्झिन स्वस्त असते, परंतु दिल्लीच्या कडक उन्हाळ्यात त्यात पाय उकडून निघतात आणि घड्या पडतात तेथे ते लवकर फाटते.

तळ हा बुटाचा पाया. पॉलियुरेथेनचा तळ हलका आणि मऊ असतो. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यास तो सुखावह वाटतो. मात्र त्याचा एक दोष माहीत असावा. दमट हवेमुळे हे द्रव्य हळूहळू विघटित होते. न वापरता काही वर्षे ठेवलेल्या बुटाचा तळसुद्धा त्यामुळे एके दिवशी भुगा होऊन सुटतो. म्हणून दुकानात फार काळ पडून राहिलेला जोड सवलतीत मिळाला, तरी निर्मितीची तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नये. रबराचा तळ जड असतो, पण तो उष्णता अधिक सोसतो. तापलेल्या डांबरावर किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यांसाठी तोच बरा.

तळ नुसता चिकटवलेला आहे की शिवलेला, हेही पाहावे. शिवलेला तळ झिजल्यावर चर्मकाराकडून बदलून घेता येतो आणि बुटाचे आयुष्य वाढते.

३. मानक चिन्ह

बुटाची टोपी किती भक्कम आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोने नियम केलेले आहेत. भारतीय मानक १५२९८ च्या दुसऱ्या भागानुसार सुरक्षा बुटाच्या टोपीने २०० जूल ऊर्जेचा आघात सोसला पाहिजे. हा आघात केवढा? सिमेंटची ५० किलोची गोणी सुमारे ४० सेंटिमीटर उंचीवरून पायावर पडावी, एवढा. याच मानकाच्या तिसऱ्या भागातील बुटांसाठी ही मर्यादा १०० जूल आहे, तर चौथ्या भागातील बुटांना टोपीची सक्ती नाही. म्हणजे तीनही प्रकारांवर मानक चिन्ह असू शकते, पण संरक्षण सारखे नसते. म्हणून केवळ आय.एस.आय. चिन्ह पाहून थांबू नये. मानकाचा भाग आणि परवाना क्रमांकही वाचावा. हा क्रमांक खरा आहे की नाही, हे ब्युरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाइल अॅपवर पडताळता येते.

टोपी फक्त बोटांचे रक्षण करते, हेही विसरू नये. एकदा जोराचा आघात झालेली टोपी वरून धड दिसली, तरी ती निकामी समजून बूट बदलावा.

४. माप

दिवसभराच्या श्रमाने पाय किंचित सुजतात. म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. कागदावर उभे राहून दोन्ही पायांची आकृती काढावी. दोन्ही पाय अगदी सारखे क्वचितच असतात, तेव्हा मोठ्या पायाचे माप धरावे. कामावर जे मोजे घालायचे, तेच घालून बूट चढवावा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट सहज मावले पाहिजे. नाडी बांधून चालताना टाच वर-खाली होऊ नये. बूट वाकतो तो चवड्याजवळ वाकावा, मध्यभागी नव्हे. टोपी बोटांना कोठेही टेकता कामा नये, कारण चामडे सैलावते, टोपी सैलावत नाही. 'वापरून सैल होईल' हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच येथे लागू पडत नाही.

लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची आहे. आपल्याकडे रूढ असलेली मापे मूळची इंग्लंडची. त्यांत एका क्रमांकाने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मोजणी केली. भारतीयांचे पाय सामान्यतः युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पायांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून दिसून आले. बूट बाजूंनी आवळत असेल, तर एक क्रमांक मोठा घेण्यापेक्षा रुंद बांधणीचा बूट मागावा.

स्त्री कामगारांनी याबाबत विशेष आग्रही असावे. पुरुषांच्या मापाचा बूट चिंध्या कोंबून घातला, तर तो रक्षण करण्याऐवजी अडखळून पाडतो. मधुमेह असलेल्यांना पायाची जखम जाणवतेच असे नाही. त्यांनी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा खिळा नाही ना, हे पाहावे आणि रोज रात्री पाय तपासावेत.

५. किंमत आणि निगा

समजा, ६०० रुपयांचा बूट चार महिने टिकला आणि १,५०० रुपयांचा पंधरा महिने टिकला. पहिल्याचा खर्च महिन्याला १५० रुपये पडला, तर दुसऱ्याचा १०० रुपये. स्वस्त वाटलेली वस्तू अशी महाग पडते. तथापि महाग ते सारे चांगले, असेही नव्हे. वरील कसोट्यांना उतरेल तोच बूट घ्यावा.

ओला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून तो सावलीत ठेवावा. चिखल व सिमेंट रोजच्या रोज पुसावे. तळाच्या खाचा झिजून सपाट झाल्या, की बूट बदलण्याची वेळ आली असे समजावे.

६. बूट कोणी द्यायचे?

ज्याच्या पायाला धोका, त्यानेच बुटाचा खर्च सोसावा का? व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार कामाच्या ठिकाणी सुरक्षिततेसाठी पुरवलेल्या गोष्टींचे पैसे मालकाला कामगाराकडून घेता येत नाहीत. दिलेली साधने नीट वापरणे हे कामगाराचेही कर्तव्य आहे. तेव्हा मुकादमाकडे बूट मागणे ही याचना नव्हे. मात्र काय मागावे, हे मागणाऱ्याला ठाऊक हवे. 'बूट द्या' एवढेच म्हणणाऱ्याच्या हाती कोणताही जोड पडतो. 'माझ्या मापाचा, टोपीचा, खिळा रोखणाऱ्या तळाचा बूट द्या' असे म्हणणाऱ्याला टाळणे अवघड जाते.

आपण काय शिकलात?

• बुटाची निवड कामातील धोक्यावरून करावी.
• मानक चिन्हाबरोबर मानकाचा भाग व परवाना क्रमांक वाचावा.
• माप संध्याकाळी, मोजे घालून, मोठ्या पायाचे घ्यावे.
• सुरक्षेच्या साधनांचा खर्च कामगारावर लादता येत नाही.

स्वाध्याय

१. मासळीच्या गाळ्यावरील मदतनीस आणि गवंडी यांच्या बुटांत कोणता फरक असावा? का?
२. 'चामडे सैलावते, टोपी सैलावत नाही' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. आपल्या किंवा आपल्या घरातील व्यक्तीच्या कामाचे स्वरूप सांगून योग्य बुटांची मागणी करणारा अर्ज मुकादमास लिहा.