गुत्ता, परमिट आणि शेकोटी : हिवाळ्यातील पानस्थळांच्या नावांविषयी

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला, की मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मोठी उपाहारगृहे आपल्या बैठका उघड्यावर मांडू लागतात. गच्चीवर, बागेत अथवा अंगणात टेबले लावली जातात, शेजारी निखाऱ्यांची वा वायूवर चालणारी ऊब ठेवली जाते आणि मिश्रपेयांची खास यादी छापली जाते. या यादीतील शब्दांकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. स्थळाचे नाव ‘रूफटॉप’ अथवा ‘गार्डन’, पेयाचे नाव ‘कॉकटेल’, ‘पंच’ अथवा ‘हॉट टॉडी’. मराठी शब्द त्यांत जवळजवळ नाहीच. मराठी भाषकांना थंडीत उघड्यावर बसून पिणे ठाऊक नव्हते, असा तर्क यावरून कोणी केल्यास तो चुकीचा ठरेल. ठाऊक होते, परंतु त्या स्थळांना भाषेने नावे कशी दिली, याचा इतिहास निराळा आहे आणि तो शहरापेक्षा माहूर-किनवटच्या मुलखात अधिक स्पष्ट दिसतो.

या मुलखाची भाषिक स्थिती प्रथम सांगितली पाहिजे. माहूरच्या उत्तरेस पैनगंगा आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. आग्नेयेस किनवटमार्गे आदिलाबाद. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट तालुका हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मराठीबरोबर येथे तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजाऱ्यांची बोली ऐकू येते, म्हणजे आर्य आणि द्राविड ही दोन भाषाकुले एकाच बाजारात नांदतात. दख्खनी-उर्दूची राजवट तर अनेक पिढ्यांची. अशा प्रदेशात शब्द लवकर मिसळतात. पण कधी कधी इतरत्र पुसट झालेले जुने अर्थही तेथेच टिकून राहतात. ‘गुत्ता’ हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा विचार पुढे येईल.

आधी पेयांच्या नावांचा हिशेब करावा. ‘टॉडी’ हा शब्द आपल्या ‘ताडी’चाच आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी तो ऐकला आणि लिहून ठेवला. त्यांच्या लेखनात तो कधी रकारयुक्त तर कधी डकारयुक्त आढळतो. याचे कारण उच्चारात आहे. उत्तरेकडील भाषांतील ‘ड़’ हा जिभेचे टोक मागे वळवून झटक्याने उच्चारला जाणारा वर्ण इंग्रजी कानाला एकदा ‘र’ आणि एकदा ‘ड’ वाटतो. पुढे डकार स्थिरावला आणि अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये व्हिस्की, गरम पाणी आणि साखर यांच्या मिश्रणास हेच नाव मिळाले. ताडाचा एक थेंबही नसलेले हे पेय आज ‘हॉट टॉडी’ म्हणून थंडीच्या यादीत आपल्याकडे परत येते, तेव्हा ते मागविणाऱ्यास आपण ताडीचेच नाव घेत आहोत याची सहसा जाणीव नसते.

‘पंच’ची गोष्ट इतकी सरळ नाही. पाच जिन्नसांचे म्हणून ‘पाँच’, अशी व्युत्पत्ती जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने दिली आहे. तो १६७२ नंतर मुंबई, सुरत व कोकणपट्टीत फिरला. त्याचा ग्रंथ १६९८ साली प्रसिद्ध झाला. ही व्युत्पत्ती इतकी लोकप्रिय झाली, की ती सर्वत्र सिद्ध मानून सांगितली जाते. परंतु तीन अडचणी आहेत. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या पत्रात हा शब्द १६३२ सालीच सापडतो आणि १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने अशाच पेयाचे वर्णन करताना मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर असे चारच जिन्नस सांगितले आहेत. दुसरे, त्या काळच्या इंग्रजीत या शब्दातील स्वर आपल्या उकाराच्या जवळचा होता. ‘पाँच’मधील दीर्घ आकारापासून तो कसा निघाला, हे सांगणे कठीण. तिसरी अडचण मराठी अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी : आपल्या कोणत्याही भाषेत या पेयाला ‘पंच’ अथवा ‘पाच’ असे देशी नाव रूढ असल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. मद्याच्या मोठ्या पिंपास इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत. त्या शब्दाचा खलाशांनी केलेला हा संक्षेप असावा, असेही एक मत आहे. तेव्हा ताडीवरील आपला हक्क निर्विवाद मानावा, पंचावरील मात्र संशयास्पद ठेवावा, हे बरे. ‘कॉकटेल’ तर सर्वस्वी परके; अमेरिकेतील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ साली मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण अशी त्याची व्याख्या दिली होती.

आता स्थळांकडे वळू. संस्कृतात पिण्याच्या जागेला दोन प्रकारची नावे आहेत आणि त्यांतील भेद अर्थपूर्ण आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सुराध्यक्षाच्या प्रकरणात, ‘पानागार’ येते. त्याला अनेक दालने असावीत, प्रत्येकात निजण्या-बसण्याची सोय, गंध, फुले व पाणी असावे आणि ते ऋतूप्रमाणे सुखकर असावे, असे तेथे सांगितले आहे. थंडीत ऊबदार बैठकीची जाहिरात करणाऱ्या आजच्या उपाहारगृहांना हा पूर्वज मानण्यास हरकत नाही. परंतु हे सगळे छपराखाली आणि अध्यक्षाच्या नजरेखाली. ओळखीच्या सचोटीच्या माणसाला थोडे मद्य बाहेर नेता येई, एरवी तेथेच बसून प्यावे, असा दंडक होता. दुसरे नाव ‘आपानभूमी’. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे सैनिक महेंद्र पर्वतावर विड्याची पाने मांडून ही भूमी तयार करतात आणि नारळाचे आसव पितात. (माहूरला रेणुकेचा प्रसाद म्हणून जो तांबूल कुटून देतात, त्यातही पान तेच.) आपानभूमीला भिंत नाही, दार नाही; माणसे बसली की ती झाली, उठली की संपली.

महाराष्ट्राच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, हालाच्या गाथासप्तशतीत, गोदातीरावरच्या मोहाच्या झाडाला केलेली विनंती आहे : फुलांच्या भाराने वाकलेल्या मोहा, तुझी फुले जरा हळूहळू गळू दे. फुले वेचण्याचे निमित्त संपले की भेटीचे निमित्तही संपणार, ही त्यामागची सूचना. तेथे स्थळाचे नाव झाडाचेच आहे आणि ही रीत माहूरच्या जंगलात अजून ओळखीची वाटते. संस्कृत ‘मधूक’, प्राकृत ‘महुअ’, मराठी ‘मोह’ किंवा ‘मोहा’ ही परंपरा स्वच्छ आहे. ‘मोह पाडतो म्हणून मोह’ ही लोकव्युत्पत्ती गोड असली तरी भ्रमवाचक ‘मोह’ वेगळ्या धातूचा. दोघांची गाठ ध्वनिपरिवर्तनाने अपघाताने पडली. द्राविड बाजूस तमिळ ‘इलुप्पै’, कन्नड ‘इप्पे’, तेलुगू ‘इप्प’ आणि गोंडी ‘इरुप’ हे सारे एका मुळाचे. म्हणजे माहूरच्या बाजारात एकाच फुलाला दोन स्वतंत्र वंशांची नावे शेजारी शेजारी बसतात.

फुले फाल्गुन-चैत्रात पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून साठविली जातात. वाळलेल्या फुलांत साखरेचा अंश मोठा असतो. पाण्यात भिजवून आंबविली, मग मडक्यांच्या भट्टीवर चढविली, की वाफ गार होऊन थेंब पडू लागतात. प्रथम येणारी ती ‘पहिल्या धारेची’. हा वाक्प्रयोग भट्टीपासून किती दूर गेला आहे पाहा : अस्सल, जहाल अशा कोणत्याही गोष्टीला, टीकेलासुद्धा, शिष्ट मराठीत आज पहिल्या धारेची म्हणतात. शिंदीचे निराळे. तिचा रस थंडीत गोड राहतो, कारण गारव्यात आंबण्याची क्रिया मंदावते. सूर्योदयापूर्वी काढला तर ती नीरा, ऊन चढल्यावर तीच शिंदी. एका झाडाच्या एकाच रसाला घटकेघटकेने नाव बदलते आणि कायदाही या बदलाच्या मागोमाग धावतो.

कायदा येथे आला तो सहज नव्हे. एकोणिसाव्या शतकात मद्यावरील कर हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाला. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला आणि १८९२ साली तर खास मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. हैदराबाद संस्थानात फसली १३१६ मध्ये, म्हणजे इ. स. १९०६-०७ च्या सुमारास, स्वतंत्र आबकारी कायदा झाला. झाडाखालची आपानभूमी मोडली ती या व्यवस्थेने. दुकान मक्त्याने द्यावयाचे, तर ते एका जागी, मोजता येईल असे हवे. झाडाखाली बसलेल्यांचा लिलाव पुकारता येत नाही.

या मक्त्याला तेलुगूत ‘गुत्त’ म्हणतात, कन्नडात ‘गुत्तिगे’. मराठीतील ‘गुत्ता’ त्याच कुळातला. मराठवाड्यात आजही रस्त्याचे किंवा पुलाचे काम घेणारा तो ‘गुत्तेदार’ आणि शेतातील काम ठोक रकमेवर घेतले तर ते ‘गुत्त्याने’ घेतले. त्यात मद्याचा वासही नाही. पुण्याकडील वाचकास मात्र ‘गुत्ता’ म्हटले की दारूचे ओंगळ दुकानच दिसते आणि वृत्तपत्रात ‘गुत्तेदारावर कारवाई’ असे वाचून त्याचा गैरसमज होऊ शकतो. अर्थसंकोचाचा हा प्रकार सरळ आहे : ‘दारूचा गुत्ता’ या जोडीतील पहिले पद गळाले आणि त्याचा अर्थ दुसऱ्याने गिळला. पूर्वेकडे मूळ भाषेचा शेजार असल्याने शब्दाला आपले घर विसरता आले नाही. कलबुर्गी भागात तर गुत्तेदार हे आडनाव आहे. शिंदीच्या दुकानास या मुलखात जे ‘शिंदीखाना’ म्हणत, त्या नावात निदान झाड शिल्लक होते. गुत्त्यात केवळ करारनामा राहिला.

हीच क्रिया विसाव्या शतकात पुन्हा घडली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिण्यासाठी व्यक्तीला परवाना आवश्यक केला. तो कायदा पुढे मराठवाड्यासही लागू झाला. बंदी शिथिल होत गेली, परवाना मात्र कागदोपत्री राहिला आणि परवानाधारकांना बसण्याची खोली म्हणून ‘परमिट रूम’ हे नाव मराठी पाट्यांवर रूढ झाले. नांदेड-किनवट रस्त्यावरील असो वा दादरची, पाटी तीच. गुत्त्याप्रमाणेच येथेही स्थळाला पेयाचे, झाडाचे वा चालविणाऱ्याचे नाव मिळाले नाही. सरकारी कागदाचे मिळाले. दोन निराळ्या राजवटी, दोन निराळ्या भाषांतून घेतलेले दोन शब्द आणि नामकरणाची रीत एकच, हे योगायोगाने घडले असे मानणे कठीण आहे.

मग उघड्यावरच्या बैठकीचे काय झाले? तिचे नाव क्रियापदात लपले. ‘आज बसायचे का?’ या प्रश्नात पेयाचा उच्चार नाही, स्थळाचाही नाही. तरी ऐकणाऱ्यास दोन्ही कळतात. ‘तो घेतो’ यातही कर्म वगळले आहे. ज्याला उघड नाव देणे अप्रतिष्ठेचे, त्याचे कर्म गाळून क्रियापद ठेवायचे, ही मराठीची जुनी युक्ती आहे. थंडीच्या मैफलीला जी उघड नावे आहेत ती अग्नीची. ‘शेकोटी’ शेकण्यापासून; ‘आगटी’ संस्कृत ‘अग्निष्ठिके’पासून, हिंदी ‘अंगीठी’ची सख्खी बहीण. मराठवाड्यात पौष-माघात शेतात गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसे भाजतात, गरम हुरडा हातावर चोळून खातात आणि वर ताक अथवा उसाचा रस पितात. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीस, माहूरच्या शिखराकडे निघालेले यात्रेकरू रात्री शेकोट्यांभोवती बसतात, तेव्हा हाती चहाचा पेला असतो. शेकोटी कोणी काय प्यावे हे विचारीत नाही, म्हणूनच तिला सभ्य भाषेत उघड स्थान मिळाले.

शहरातील गच्चीवरची बैठक या दोन्ही परंपरांच्या मधोमध सापडली आहे. तिला आकाश हवे, पण परवाना हवा असतो आखलेल्या जागेचा. मंजूर नकाशात जी गच्ची नाही तेथे पेला भरता येत नाही. मुंबई महापालिकेने गच्चीवरील उपाहारगृहांचे धोरण २०१७ च्या नोव्हेंबरात मान्य केले आणि त्याच हिवाळ्यात, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे मृत्युमुखी पडली. हुक्क्याच्या निखाऱ्यांतून ठिणग्या उडाल्या, असे चौकशीत पुढे आले. उघडी म्हणविली जाणारी जागा प्रत्यक्षात पेट घेणाऱ्या आच्छादनाखाली होती. शेतातील आगटीभोवती चहूकडे मोकळी माती असते आणि उठून मागे सरकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ‘उघड्यावर’ या शब्दात बोलणाऱ्याने हे सारे गृहीत धरलेले असते. ‘रूफटॉप’ या शब्दात ते आलेले नाही.