बाथरूम ४ बाय ५ फुटांचं, त्यात २०० लिटरचा ड्रम. जागा काढायची कुठून?

तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर येतात. त्यामुळे आसनगाव-वासिंदच्या छोट्या फ्लॅटमध्ये ‘ड्रम काढा, जागा होईल’ हा सल्ला कामाचा नाही.

नॅशनल बिल्डिंग कोडनुसार नुसतं न्हाणीघर किमान १.८ चौरस मीटरचं हवं, म्हणजे जेमतेम ४ बाय ५ फूट. ड्रमचा व्यास जवळपास २ फूट. पाचवा हिस्सा तिथेच गेला!

ड्रम माळ्यावर चढवायचा? भरल्यावर त्याचं वजन २०० किलोंच्या वर जातं. भिंतीत ठोकलेल्या अँगलवर तो ठेवणं धोक्याचं. आरसीसी माळा असेल, तरी आधी इंजिनिअरला दाखवा.

त्यापेक्षा ड्रम कोपऱ्यात, वीतभर उंच कट्ट्यावर ठेवा आणि तळाशी नळ बसवा. मग बुडवायला झाकण उघडावं लागत नाही, डासही होत नाहीत. ड्रमच्या वरची भिंत कप्प्यांसाठी मोकळी होते. फक्त ड्रम धुण्यापुरता हात आत जाईल एवढं अंतर सोडा.

साबण-शाम्पूसाठी भिंतीत कोनाडा छान दिसतो. पण साडेचार इंची भिंत कोरू नका, कॉलमला तर हातही लावू नका.

सर्वांत स्वस्त जागा दाराची. आत उघडणारं दार फिरतं तेवढी फरशी अडते. ते बाहेर उघडणारं करून घेणं हे सुताराचं काम, त्यासाठी फरशी फोडावी लागत नाही.