पडदा पडल्यावर सुरू होणारं नाटक

प्रागच्या ‘ओस्वोबोझेने दिवाद्लो’ म्हणजे ‘मुक्त रंगभूमी’ या कंपनीच्या नाटकांची यादी वाचायला घेतली, की आधी गंमत वाटते. ‘व्हेस्ट पॉकेट रिव्ह्यू’, ‘स्मोकिंग रिव्ह्यू’, ‘गोरिला एक्स मशिना’ ही सुरुवातीची नावं एखाद्या कॉलेजच्या गॅदरिंगमधली शोभावीत अशी. मग ‘गोलेम’, ‘सीझर’, ‘गाढव आणि सावली’, ‘जल्लाद आणि खुळा’. शेवटी ‘जडशीळ बार्बोरा’ आणि ‘डोळ्यावर ठोसा’. यांतलं पहिलं नाटक 1927चं, शेवटचं 1938चं. एवढ्या काळात युरोप जाझच्या धुंदीतून निघून महायुद्धाच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला, आणि ही मंडळी हसवण्याचा धंदा न सोडता त्याच्याबरोबर चालत राहिली. ती तिथवर कशी पोचली, हे पाहण्यासारखं आहे.

तसं कंपनीचं मूळ ही नाटकं करणाऱ्या दोघा विदूषकांच्याही आधीचं. ‘देव्येत्सिल’ या डाव्या विचारांच्या कलावंत मंडळाची नाट्यशाखा म्हणून 1926मध्ये ती सुरू झाली. यिर्झी फ्रेयका आणि यिंद्रिख होन्झ्ल हे तरुण दिग्दर्शक तिथे कवितेच्या, सर्कशीच्या अंगाने जाणारे प्रयोग करत होते. प्रेक्षक बेताचेच. त्याच सुमाराला यिर्झी व्होस्कोवेट्स आणि यान वेरिख हे कायद्याचे दोन विद्यार्थी, शाळेपासूनचे दोस्त, मित्रमंडळींसाठी एक विनोदी रिव्ह्यू बसवत होते. खटकेबाज प्रवेश, अमेरिकन चालीवरची गाणी, मूकपटांची टिंगल असा सगळा मसाला. 19 एप्रिल 1927 रोजी माला स्त्राना या जुन्या वस्तीतल्या एका सभागृहात ‘व्हेस्ट पॉकेट रिव्ह्यू’चा प्रयोग झाला. एकदाच करायचा होता, पण लोक थांबू देईनात. दोनशेवर प्रयोग झाले, आणि कायद्याचा अभ्यास कायमचा मागे पडला. होन्झ्लने या दोघांना आपल्या कंपनीत बोलावलं. थोड्याच काळात कंपनी म्हणजे हे दोघेच असं समीकरण झालं. लेखक तेच, नट तेच, गाणी तेच लिहिणार आणि हिशेबही तेच बघणार. जाहिरातीवर नुसतं ‘व्ही+डब्ल्यू’ एवढं लिहिलं तरी तिकीटखिडकीवर पुरत असे.

त्या पहिल्या रिव्ह्यूत एक गोष्ट जवळजवळ अपघाताने सापडली. मागे नेपथ्य बदलायचं, तर पुढे प्रेक्षकांना गुंतवायला कुणीतरी हवं. म्हणून तोंडाला पांढराफटक रंग फासलेले हे दोघे पडद्यापुढे येऊन गप्पा मारू लागले. कथानकाशी संबंध असलाच पाहिजे असं काही नव्हतं. एकाने भलतंच विधान करायचं, दुसऱ्याने ते खरं मानून पुढे न्यायचं, आणि दोघांनी मिळून तर्काच्या अशा गल्लीत शिरायचं की बाहेर यायला वाटच राहू नये. सकाळच्या पेपरात काही आलेलं असलं तर रात्री त्याचाही समाचार. आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या गावच्या पाटलापासून सरकारपर्यंत सगळ्यांना बोलता बोलता चिमटे काढतो, तीच ही हजरजबाबी. प्रागच्या प्रेक्षकाला नाटकाइतकीच, कित्येकदा नाटकापेक्षा जास्त, ओढ या मधल्या जागेची लागली. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी 1937मध्ये या दोघांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं, त्याचा विषयच त्यांच्या विनोदाचं अर्थशास्त्र हा होता. म्हणजे शब्दांच्या अर्थाचं, पैशाचं नव्हे.

1928नंतर संगीतकार यारोस्लाव्ह येझेक आला आणि कंपनीला आवाज मिळाला. हा झिझ्कोव्हच्या शिंप्याचा मुलगा, दृष्टी लहानपणापासून अधू, ऐकायलाही त्रास. प्रागच्या काँझर्व्हेटरीत रीतसर शिकलेला, एकीकडे गंभीर पियानोसंगीत लिहिणारा, दुसरीकडे जाझवर जीव टाकणारा. त्याच्या घरातल्या खोलीत सगळं निळं होतं, कारण त्याला तो रंग त्यातल्या त्यात सोसवे. ती खोली आखली फ्रांतिशेक झेलेन्का यांनी. तेच कंपनीचे नेपथ्यकार आणि पोस्टरंही त्यांचीच. नाचाची बाजू यो येन्चिक यांच्याकडे, आणि त्यांच्या नर्तिकांचा ताफा हेही एक आकर्षण. 1929मध्ये कंपनी व्होदिच्कोवा रस्त्यावरच्या ‘उ नोव्हाकू’ इमारतीच्या तळघरातल्या मोठ्या नाट्यगृहात गेली. आता भाडं भरायचं, वाद्यवृंद पोसायचा, नर्तिकांचे पगार द्यायचे. सरकारी अनुदान नाही. नाटक चाललं तर कंपनी चालणार, असा रोखठोक मामला.

म्हणून पुढची दोनतीन वर्षं खुशाल करमणुकीची आहेत. ‘फाता मोर्गाना’, ‘डायनामाइट बेट’, ‘उत्तर विरुद्ध दक्षिण’, ‘डॉन हुआन आणि कंपनी’. दूरदेशची ठिकाणं, खोट्या दाढ्या, लाडिक गाणी. आज वाचताना यांतली कथानकं एकमेकांत मिसळतात, त्यांच्यावर फार रेंगाळावं असं काही नाही. 1931चं ‘गोलेम’ मात्र वेगळं. सम्राट रुडॉल्फ दुसरा, त्याच्या दरबारातले किमयागार, ज्यू वस्तीतल्या दंतकथेतला मातीचा राक्षस असा सगळा अस्सल प्रागचा ऐवज घेऊन त्यांनी पहिल्यांदा आपल्याच शहराची थट्टा केली. वीस वर्षांनी वेरिखने ‘सम्राटाचा पाववाला’ या चित्रपटात सम्राट आणि पाववाला अशा दोन्ही भूमिका केल्या, त्यात गोलेम आहेच.

बदल ठळकपणे दिसतो तो मार्च 1932च्या ‘सीझर’पासून. मंदीने कारखाने बंद पडत होते. वर्षभरात बेकारांचा आकडा दहा लाखांच्या घरात जाणार होता. आदल्या नोव्हेंबरात फ्रीवाल्दोव्ह इथे भुकेल्या निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. अशा वेळी रोमन झग्यातला हुकूमशहा रंगमंचावर आला, तर तो मुसोलिनी आहे हे सांगावं लागत नव्हतं. यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. राजकारण या कंपनीत जाहीरनाम्याच्या दाराने आलं नाही. पडद्यापुढच्या गप्पांत पेपर आधीपासूनच शिरला होता. ‘सीझर’मध्ये तो पडद्याच्या मागे, कथानकात जाऊन बसला एवढंच. दिवसाच्या बातमीवर बोलायची सवय जडलेल्या माणसाला 1932मध्ये दुसरं बोलण्यासारखं राहिलंही नव्हतं.

त्यांचं सगळ्यांत बांधेसूद नाटक मला ‘गाढव आणि सावली’ वाटतं. ऑक्टोबर 1933, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन नऊ महिने झालेले. गोष्ट जुनी, ग्रीक. अब्देरा गावचा एक दंतवैद्य प्रवासासाठी गाढव भाड्याने घेतो. वाटेत ऊन सोसेना, म्हणून उतरून गाढवाच्या सावलीत बसतो. गाढववाला म्हणतो, भाडं गाढवाचं ठरलंय, सावलीचं नाही; सावलीचे वेगळे पैसे काढा. भांडण कोर्टात जातं. वकील येतात, पुढारी येतात, पक्ष पडतात. बघता बघता सगळं गाव गाढववाले आणि सावलीवाले असं दुभंगतं, आणि त्या गोंधळात ज्याला सत्ता हवी असते त्याचं आयतं फावतं. व्होस्कोवेट्स आणि वेरिख यांनी यात नेयेझ्ख्लेबोस आणि स्कोच्दोपोलिस अशी नावं घेतली होती. साधी चेक आडनावं, शेवटी ग्रीक शेपूट जोडलेलं. नावापासूनच कळावं, की अब्देरा फार लांब नाही. या नाटकाबद्दल जर्मन वकिलातीने निषेध नोंदवला. गाढवाच्या सावलीवरच्या नाटकाने शेजारच्या राष्ट्राची अब्रू जाते असं वाटणं, याहून मोठी दाद विनोदी नटाला कोण देणार?

पुढच्या वर्षी ‘जल्लाद आणि खुळा’ आलं. मेक्सिकोसारख्या एका कल्पित देशातली हुकूमशाही. या वेळी बाहेरच्या वकिलातीपेक्षा घरचेच लोक जास्त खवळले. उजव्या गटाच्या तरुणांनी नाट्यगृहात घुसून दंगा केला. प्रयोग झाले, पण खर्च, ताण आणि शत्रू तिन्ही वाढले. 1935मध्ये त्यांनी ‘उ नोव्हाकू’ सोडलं आणि व्हेन्सेस्लास चौकातल्या ‘रोकोको’ या लहान सभागृहात हंगाम केला. नावही बदललं, ‘स्पोउताने दिवाद्लो’, म्हणजे जखडलेली रंगभूमी. तिथे झालेलं ‘चिंध्यांचं गाणं’ हे त्यांचं सगळ्यांत हळवं नाटक. रात्र काढायला जमलेले बेघर लोक जुने पोशाख अंगावर चढवतात आणि फ्रान्सचा दरिद्री, भणंग कवी फ्रान्स्वा व्हियों याची गोष्ट करून दाखवतात. झगमगाट परवडत नव्हता, तेव्हा दारिद्र्यच विषय झाला आणि तेच नेपथ्यही.

1936मध्ये ते पुन्हा आपल्या मोठ्या जागी परतले. त्या वर्षी रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड प्रागला आले, या दोघांचा प्रयोग पाहून भारावले, आणि जुन्या इटालियन विदूषकांची परंपरा इथे जिवंत पाहिल्याचा अभिप्राय देऊन गेले. चार वर्षांच्या आत स्टालिनच्या राजवटीने त्यांना गोळी घातली. त्याच हंगामातलं ‘उलटसुलट’ हे कारखान्यातल्या कामगारांचं आणि सत्ता बळकावू पाहणाऱ्या फॅसिस्टांचं नाटक. मार्टिन फ्रिच यांनी त्यावरून 1937मध्ये ‘जग आमचं आहे’ हा चित्रपट केला.

नोव्हेंबर 1937मध्ये ‘जडशीळ बार्बोरा’. बार्बोरा ही तोफ. ईदाम नावाचं चीजसाठी प्रसिद्ध असलेलं सुखवस्तू गाव, शेजारी युबरलँड नावाचा दांडगा देश, कुरापत काढायला टपलेला, आणि गावातलेच काही प्रतिष्ठित आतून त्याला सामील. सुडेटन प्रांतावरून जर्मनीची आरडाओरड चालू असताना हे प्रेक्षकांनी कसं घेतलं असेल, ते सांगायला नको. पुढच्या एप्रिलमध्ये ‘डोळ्यावर ठोसा’ आलं, तेव्हा ऑस्ट्रिया गिळंकृत होऊन महिनाही झाला नव्हता. इतिहासातल्या थोर प्रसंगांकडे सामान्य माणसाच्या बाजूने पाहणारे सुटेसुटे प्रवेश, असं त्याचं रूप. पहिल्या रिव्ह्यूची घडण आणि दहा वर्षांची धार त्यात एकत्र आली.

सप्टेंबरअखेर सुडेटन जर्मनीला देऊन टाकणारा म्युनिकचा करार झाला. पुढच्या नाटकाची तयारी चालू असतानाच नोव्हेंबर 1938मध्ये कंपनीचा परवाना काढून घेण्यात आला. जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं 15 मार्च 1939 रोजी. म्हणजे हे थिएटर बंद केलं ते हिटलरने नव्हे. घाबरलेल्या घरच्या सरकारने, चार महिने आधीच. जानेवारीत व्होस्कोवेट्स, वेरिख आणि येझेक अमेरिकेला निघून गेले. येझेक 1 जानेवारी 1942 रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. झेलेन्का ज्यू होते. त्यांना तेरेझिनच्या छावणीत नेलं. तिथेही त्यांनी मुलांच्या ‘ब्रुंदिबार’ या संगीतिकेचं नेपथ्य केलं. 1944मध्ये त्यांचा अंत झाला.

युद्धानंतर दोघे परतले, पुन्हा उभे राहिले, पण 1948मध्ये कम्युनिस्ट सत्ता आली आणि जोडी फुटली. व्होस्कोवेट्स बाहेर पडला. 1950मध्ये अमेरिकेत पोचला, तर कम्युनिस्टांचा सहानुभूतिदार या संशयावरून त्याला जवळपास वर्षभर एलिस बेटावर डांबलं. ‘एक रुका हुआ फैसला’ ज्यावरून निघाला त्या 1957च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये लोकशाहीवर सौम्यपणे बोलणारा जो परदेशी घड्याळजी आहे, तो हा व्होस्कोवेट्स. वेरिख प्रागमध्येच राहिला. पुढे मिरोस्लाव्ह होर्निचेकला जोडीला घेऊन त्याने ‘सीझर’, ‘जडशीळ बार्बोरा’ अशी जुनी नाटकं नव्याने उभी केली, तीही ‘उ नोव्हाकू’च्याच जागेत.

आज मागे वळून पाहताना हिशेब असा लागतो. गाणी टिकली, येझेकच्या चाली चेक माणसाला अजून तोंडपाठ असतात. काही पडद्यापुढच्या गप्पा त्या काळीच तबकड्यांवर घेतल्या गेल्या, म्हणून ऐकता येतात. संहिता छापलेल्या आहेत, पण नुसत्या वाचल्या तर बऱ्याचशा बाळबोध वाटतात. कारण त्यांतलं निम्मं नाटक त्या त्या रात्रीच्या बातमीवर उभं होतं आणि ते कागदावर उतरलंच नाही. 1959मध्ये यिर्झी सुखी आणि यिर्झी श्लित्र यांनी प्रागमध्ये ‘सेमाफोर’ हे छोटं थिएटर काढलं, तेव्हा त्यांनी या पूर्वजांची नाटकं उचलली नाहीत. त्यांनी उचलली ती रीत: दोन माणसं, नवी गाणी, आणि प्रेक्षकाशी थेट बोलायची मुभा. कुठल्याही सरकारला विनोदी नाटकातली भीती वाटते ती याच मुभेची, कारण संहिता आधी मागवून तपासता येते आणि उद्या रात्री हे दोघे पडद्यापुढे काय बोलतील ते तपासता येत नाही.